गेनबाचा डावा पाय

तुळजाबाईला नवऱ्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. त्याचं नाव आठवत नव्हतं, आणि लग्नातला फोटो पुढं धरला तर ती कौतुकानं विचारायची, "कुनाची पोर म्हनायची ही?" पण नवऱ्याची चाल तिला बिनचूक ओळखू यायची. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी धप्प, सर्र, धप्प, सर्र असा आवाज आला, की बाई असेल तिथून उठायची. डोक्यावर पदर घ्यायची, माठातून तांब्या भरायची आणि दारात येऊन उभी राहायची. "आलासा का," म्हणायची. बस्स, गेनबा ढमाल्याचा दिवस तेवढ्यावर निघायचा.

मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या. गेनबानं तिथल्या भुसार बाजारात चाळीस वर्षं हमाली केली होती. आता सत्तरी उलटली तरी तो रोज यार्डात जायचा, पोत्यांची तोंडं शिवून द्यायचा. तुळजाबाईही त्याच बाजारात धान्य निवडणारी. माणसं विसरली तरी तिच्या हातात सूप दिलं की हात पाखडायला लागायचे, खडे बाजूला व्हायचे, आणि चेहऱ्यावर कामावरच्या बाईचा करारीपणा यायचा. म्हणून शेजारची मथुराबाई तिला दिवसभर डाळ निवडायला द्यायची. निवडलेलीच डाळ परत द्यायची. फसवणूक खरी, पण बाई सुखात असायची.

त्या चालीची गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. ट्रकवरून गोदामात टाकलेल्या फळीवरून उतरताना गेनबाचा पाय घसरला आणि साखरेचं क्विंटलचं पोतं डाव्या गुडघ्यावर पडलं. तुळजाबाई पलीकडच्या शेडमध्ये तूर निवडत होती. अनवाणीच धावत आली. डॉक्टर म्हणाले, पाय ठेवता येईलसं वाटत नाही. पायावर पोट असलेल्या घरात असलं बोलणं म्हणजे काय ते डॉक्टरांना कुठून कळणार? तीन महिने ती बाई जिवंत होती इतकंच म्हणायचं. मग एका संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती, दाराकडं पाठ होती, आणि मागून आवाज आला, धप्प, सर्र. काठीशिवाय. ती वळलीसुद्धा नाही. पिठाचे हात तोंडावर घेऊन अशी रडली, की शेजारपाजारच्या बाया कुणी गेलं की काय म्हणून धावत आल्या.

तिच्या डोक्यातून पुढं सगळं वाहून गेलं. पोरीचं बारसं गेलं, सासूशी झालेली भांडणं गेली, स्वतःचं माहेर गेलं. जिथं जीव कासावीस झाला होता, तेवढं मात्र आत रुतून राहिलं.

आणि रुतलं होतं ते नुसतं कानात नव्हे. रोज संध्याकाळी पाणी देऊन झालं की ती वाटीत तेल कोमट करायची, गेनबाचा गुडघा मांडीवर घ्यायची आणि चोळायची. गुडघ्याच्या वाटीखाली डाव्या बाजूला हाड बसल्यामुळं एक खळगा पडला होता. तिचा अंगठा त्या खळग्यात जाऊन टेकायचा, गोल गोल फिरायचा. तिथं अंगठा टेकला की बाई बोलायला लागायची. यार्डातलं, गावाकडचं, कसलंही, पण बोलणं त्याच्याशी. "आवं, यंदा तूर बारीक हाय," असं. तिचं ते अर्धा तास बोलणं ऐकण्यासाठी गेनबा उरलेला दिवस रेटत होता.

गल्लीतली पोरं कधीकधी त्याच्या मागं लंगडत यायची. ओळीनं, आळीपाळीनं, हसत. गेनबाला काही वाटायचं नाही, पण तुळजाबाई केरसुणी घेऊन धावायची. "मेल्यांनो, माझ्या मालकाच्या पायाची चेष्टा करता? पाय झडतील तुमचे!" आजार वाढला तरी हे गेलं नाही. केरसुणी कुठं ठेवली ते विसरायची, पण धावायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एका दुपारी ती घरातून निघून गेली. मथुराबाईनं यार्डात निरोप धाडला. गेनबाला ती सातारा रस्त्यावर दिसली, शंभर पावलं पुढं, हातात रिकामं सूप, झपाझप चाललेली. त्यानं हाका मारल्या, पण गाड्यांच्या गोंगाटात कसली हाक आणि कसली चाल! तो पाय ओढत राहिला आणि ती लांब लांब होत गेली. एका बसनं करकचून ब्रेक दाबला तेव्हा गेनबानं डोळेच मिटले. वाचली. एका रिक्षावाल्यानं धरून बाजूला बसवली होती.

कात्रजला दिलेली लेक शालू त्या संध्याकाळी येऊन रडली आणि मग तिनं फर्मान काढलं. "आबा, गुडघा बदलून घ्यायचा. पुन्हा ती गेली तर तुम्ही धावणार कसे?"

"या वयात?"

"आईसाठी आबा. तुमच्यासाठी नाही म्हणत मी."

आईसाठी म्हटल्यावर गेनबा तयार झाला. आणि खरंच, यात चुकीचं कुणाचं काय होतं? लेक मायेची, डॉक्टर हुशार, सरकारी योजनेची कागदपत्रं रीतसर. सगळ्यांनी नीट विचार केला होता. तुळजाबाईच्या बाजूनं विचार करायचा राहिला, आणि तोही तिच्यासाठीच चाललेल्या खटपटीत.

दवाखान्यात आठ दिवस गेले, मग शालूकडं कात्रजला दोन महिने. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मोठी शिस्तीची. "आजोबा, पाय ओढायचा नाही. टाच आधी. जुनी सवय विसरा बघू." गेनबा आज्ञाधारक. चाळीस वर्षं मुकादमाचं ऐकलेला माणूस, या पोरीचं का नाही ऐकणार? त्यानं मन लावून सवय मोडली. तुळजाबाईला इकडं आणून बघितलं होतं, पण परक्या घरात ती रात्रंदिवस दाराची कडी काढायला लागली, म्हणून तिला मथुराबाईपाशीच ठेवलं. शालू एक दिवसाआड जाऊन यायची आणि सांगायची, "सहा वाजले की दारात बसते आबा. गल्लीकडं कान लावून."

"सांग तिला, येतोय म्हनावं. आता पळत येतो."

तो घरी गेला तो बरोबर सहाला गेला. मुद्दाम. शालूनं घेतलेले नवे सँडल पायात, पाठ ताठ, टप टप टप टप. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली, कुणीतरी "वा, गेनबा!" म्हणालं. गेनबाला हसू आवरेना. तुळजाबाई उंबऱ्यात बसली होती. तो पुढं जाऊन उभा राहिला. तिनं वर पाहिलं, पदर ओढला आणि अंग चोरून भिंतीला सरकली.

"कोन पायजे?"

"तुळजे, मी आलो."

"मालक घरी न्हाईत," ती म्हणाली. "सहाला येत्यात."

सुरुवातीला घरच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. खंड पडलाय, होईल सवय. गेनबा स्वतःच तांब्या भरून घ्यायचा. चौथ्या दिवशी त्यानं तेलाची वाटी कोमट करून तिच्या हातात दिली आणि गुडघा तिच्या मांडीवर ठेवला. वाटी हातात आल्यावर तिचे हात आपोआप चालले. मथुराबाई दारात उभी राहून बघत होती. अंगठा खाली उतरला, डावीकडं गेला, थांबला. पुन्हा वर आला, पुन्हा गेला. तिथं खळगा नव्हता. लांब शिवण होती आणि आत कडक, गुळगुळीत, थंड काहीतरी. तीन-चारदा अंगठा शोधून आला. मग तिनं गुडघा मांडीवरून अलगद खाली ठेवला, दुसऱ्याची वस्तू चुकून उचलली असावी तसा, आणि हात पदराला पुसले.

"ह्यो पाय कुनाचा?" तिनं मथुराबाईला विचारलं.

मथुराबाई डोळ्याला पदर लावून घरात गेली.

गेनबानं दुसऱ्या दिवशी काय केलं ते सांगितलं तर लोक हसतील. तो दवाखान्यात गेला, नंबर लावला, दोन तास बसला आणि डॉक्टरांना म्हणाला, "सायेब, त्यो जुना गुडघा कुठं ठिवलाय?"

"ठेवलाय? अहो, तो गेला केव्हाच. का, दुखतंय का?"

"न्हाई. दुखत न्हाई. त्याचंच म्हनतोय."

डॉक्टर हसले, पाठीवर थाप मारली आणि पुढच्याला बोलावलं. शंभर पेशंटांत एखादा विनोदी निघतो, तेवढंच त्यांना बरं वाटलं असणार.

घरी येऊन गेनबानं माळ्यावरून जुन्या चपला काढल्या. डावीचा तळ बाहेरच्या अंगानं झिजून कागदाएवढा झालेला. त्या घालून तो यार्डाच्या भिंतीमागं गेला आणि तिथं, जिथं कुणी बघत नव्हतं, लंगडायला शिकू लागला. उजवा धप्प, डावा सर्र. पण पाय ऐकेना. तीस वर्षं जे विनासायास येत होतं ते आता आणताना घाम फुटत होता. सर्र जरा लवकर यायचं, नाहीतर लांबायचं. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की लंगडायला आधी दुखावं लागतं. दुखणं तर काढून टाकलं होतं. मग त्यानं एक अणकुचीदार खडा घेतला आणि डाव्या टाचेखाली ठेवला. आता जमलं.

पंधरा दिवस त्यानं असा सराव केला. सोळाव्या दिवशी सहाला गल्लीच्या तोंडाशी आला. धप्प, सर्र. धप्प, सर्र. टाच सोललेली, पण त्याला त्याचं भान नव्हतं. दुरून त्याला दिसलं, तुळजाबाईची मान वर झाली. ती उठली. डोक्यावर पदर आला. आत गेली आणि भरलेला तांब्या घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर ते सगळं आलं होतं, चुलीपुढच्या त्या संध्याकाळपासूनचं. गेनबाच्या डोळ्यांना धारा लागल्या. समोरचं नीट दिसेना. पाऊल घाईचं झालं.

दाराला दोन पायऱ्या होत्या. जुना गेनबा त्या चढताना उजवा पाय आधी टाकायचा, चौकटीला हात धरायचा आणि डावा मागून ओढून घ्यायचा. या गेनबाला कधी एकदा तिच्याजवळ जातो असं झालं होतं. तो दोन्ही पायऱ्या सरळ, एका दमात, डावा पाय आधी टाकून चढला.

तुळजाबाईचा हात तिथंच थांबला. तिनं त्याच्या पायाकडं पाहिलं. मग त्या जुन्या चपलांकडं. आणि तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"नक्कल करतोस?" ती ओरडली. "माझ्या मालकाची नक्कल करतोस? त्यांच्या चपला घालून?"

"तुळजे, अगं..."

"पाय झडतील मेल्या तुझे!"

तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडावर आलं. मग ती केरसुणी शोधत आत धावली, आणि ती सापडली नाही म्हणून जमिनीवर बसून हुंदके देऊन रडायला लागली. "किती सोसलंय त्यांनी. आन् लोक चेष्टा करत्यात," असं भिंतीला सांगत राहिली. इतकं प्रेम आपल्यावर कुणी केलंय, हे गेनबा तोंडावरचं पाणी निथळत असताना दारात उभा राहून ऐकत होता. जवळ जायची सोय नव्हती.

त्यानं खडा गटारात टाकला. चपला मथुराबाईकडं दिल्या, म्हणाला, जाळून टाका. शालूला यातलं काही सांगितलं नाही. तिनं मायेनं केलं होतं. तिला जन्मभर पुरेल असं ओझं तिच्या पाठीवर कशाला द्यायचं?

नंतर तुळजाबाई ते विसरली. पाणी, चपला, नक्कल, सगळं गेलं. सहाची वाट पाहणं तेवढं गेलं नाही. गेनबा आता घरातच असतो. तिला जेवू घालतो, तिच्यापुढं निवडलेली डाळ ठेवतो. दोनदा ती बाहेर निघाली तेव्हा धावत जाऊन चार पावलांत तिला धरून आणलं. गुडघ्यानं काम चोख केलं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. ती त्याला पाव्हणा म्हणते. चांगला माणूस आहे, कुणीतरी सांगून पाठवलेला, अशी तिची समजूत आहे.

परवा सहाच्या सुमाराला ती उंबऱ्यात बसली होती आणि तो पायरीवर. गल्लीतून माणसं यार्डातून घरी परतत होती. एकेकाचं पाऊल ती कान देऊन ऐकत होती आणि सोडून देत होती. मध्येच तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला दया आली असावी.

"पावनं, असं तोंड पाडून बसू नगा," ती म्हणाली. "कामाचं बोलायचंय न्हवं मालकाशी? येत्यालच आता. आले की मी सांगते त्यास्नी, तुमी लई येळ बसलाय म्हनून."

"बरं," गेनबा म्हणाला.

"लांबनंच कळतं मला. पाय ओढत येत्यात."

"हां."

ती पुन्हा गल्लीकडं कान लावून बसली. तिच्या पाठीमागं तांब्या भरून ठेवलेला होता. गेनबानंही मान वळवली आणि गल्लीच्या तोंडाकडं बघत तो आवाज यायची वाट बघू लागला.