जऊळक्याच्या जत्रेतले दोन पाळणे

वाशीमच्या कॉलेजात मी बारा वर्षं वाणिज्य शिकवत होतो. इतकी वर्षं स्पर्धेवर बोलून माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाला लोक अनुभवी समजतात. माझ्या बायकोचे काका उत्तमराव यांचाही तोच समज झाला.

उत्तमरावांचा मालेगावजवळ भाजीचा मळा होता. वर्षातून एकदा, जऊळक्याच्या जत्रेत, ते आपला सागवानी आकाशपाळणा उभा करत. चार पेट्या, आणि पाळणा हातानं फिरवायला धरमसिंग. देवळासमोरच्या लिंबाखालची जागा त्यांच्या वडिलांपासूनची. चौऱ्याहत्तर साली तिथंच शेजारी इंद्रभान नावाचा गृहस्थ लोखंडी पाळणा घेऊन उतरला. आठ पेट्या, इंजिनावर चालणारा. पंचांनी दोघांनाही सांगून टाकलं की पुढच्या सालापासून लिंबाखाली एकच पाळणा राहील. जत्रेच्या तीन दिवसांत ज्याच्यापाशी गर्दी जास्त, त्याचा.

आम्ही नवरा-बायको पहिल्याच दिवशी जत्रेला पोचलो होतो. काकाजींनी मला बाजूला घेऊन चहा पाजला.

“जवाईबापू, तुमी पोरायले हेच शिकवता ना? मंग सांगा, माही जागा कशी वाचन?”

मी चहाच्या दुकानाच्या बाकावर वही घेऊन बसलो. नवा प्रतिस्पर्धी समोर धूर काढत होता. पलीकडं तंबूतला सिनेमा होता. तो गिऱ्हाईक एकदा आत घेतला की तीन तास बाहेर सोडत नव्हता. गिऱ्हाइकाला दोन्ही पाळणे सारखेच, जिकडं रांग छोटी तिकडं ते वळणार. आणि आमचा सगळा धंदा एका माणसाच्या दंडावर. धरमसिंग भाकर खायला बसला की पाळणाही बसायचा.

त्याहून वाईट म्हणजे धरमसिंग पाळणा मुद्दाम थांबवायचा. नवी नवरी वरच्या पेटीत पोचली की तो खालची पेटी धरून उभा राहायचा. नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतल्याशिवाय पोरीला खाली आणायचंच नाही, ही इथली जुनी रीत. पोरगी पदरात तोंड लपवायची, खालून मैत्रिणी ओळी सुचवायच्या, सासू दुसरीकडं पाहत कान इकडं ठेवायची. मी घड्याळ लावून पाहिलं. एका नवरीला सात मिनिटं लागली. तेवढ्यात इंद्रभाननं तीन वेळा माणसं भरून उतरवली. मी वहीत ‘वाया गेलेला वेळ’ असं लिहून त्याखाली रेघ मारली. उखाणा ऐकायला खाली जमलेली दीडशे माणसं मी मोजली नाहीत. ती पेटीत बसलेली नव्हती.

माझा सल्ला सरळ होता. मळ्यातल्या विहिरीवरचं इंजिन आणून पाळण्याला पट्टा लावायचा, थांबणं बंद, धरमसिंगही बंद.

काकाजी बराच वेळ इंजिनाचा विचार करत राहिले. वांग्याला दोन दिवस पाणी कोण देणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दोन दिवसांनी काय होतंय? धरमसिंग सगळं ऐकत होता. त्यानं दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

“मास्तर, तुमच्या बायकोनं तुमचं नाव कदी घेतलंच नाई वाटते,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून इंजिन आलं. पाळणा फिरला, हे कबूल केलं पाहिजे. तो थांबेना, इतका चांगला फिरला. इंजिनातल्या तेलाचे काळे ठिपके नव्या लुगड्यांवर उडाले. एका पोरीनं वर जाऊन आपण होऊन नाव घेतलं, पण त्या फटफटाटात ते तिलाही ऐकू आलं नसावं. लिंबाखाली माणसं यायची, कानावर हात ठेवायची, पुढं जायची. इंद्रभानचंही तेच चाललं होतं, म्हणून मी काकाजींना म्हटलं, बरोबरीत आहोत.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना इंद्रभानचं इंजिन एकदम बंद पडलं. बिघाड झाला, असं समजून मी काकाजींच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात तिकडून ओळखीचा आवाज आला.

“नाव घे माय, नाई तं आजचा मुक्काम वरतेच!”

धरमसिंगला इंद्रभाननं सकाळीच ठेवून घेतलं होतं. लोक तिकडं वळले. सिनेमाच्या तंबूतून खेळ अर्धा टाकून बाया बाहेर आल्या. माझी बायको वच्छला नुसती पाहून येते म्हणून गेली आणि परतली नाही. वरच्या पेटीत सरपंचांची नवी सून होती, आणि पंचमंडळ खाली माना वर करून उभं होतं.

काकाजींनी उठून आपलं इंजिन स्वतः बंद केलं. आमच्या पाळण्यात कोणीच नव्हतं. शांततेत त्या पोरीचा उखाणा लिंबापर्यंत स्पष्ट ऐकू आला, त्यामागोमाग हशाही.

“चांगलं घेतलं,” काकाजी म्हणाले.

जागा इंद्रभानला गेली. वांगी वाळली होती. पाळण्याचं सागवान काकाजींनी मळ्यात नेऊन त्याचा कारल्याच्या वेलांना मांडव केला. लाकूड पक्कं असल्यामुळं वेल चांगले चढले. मला त्यांनी कधी एक शब्दानं बोल लावला नाही. दर गुरुवारी मालेगावच्या एस.टी.नं कारल्यांची एक टोपली मात्र येते. वच्छला ती कारली रांधते. मी खातो.