फ्रिजमधल्या दोन नळ्या

दवाखान्यानं दिलेल्या दोन नळ्या आठवडाभर तशाच पडून होत्या. त्यांत शौचाचा नमुना भरून द्यायचा; डोळ्यांना न दिसणारं रक्त असलं तर तपासणीत सापडतं, आतड्याचा कॅन्सर वेळेत कळतो. सुल्मानं आज सकाळी आपली नळी भरून फ्रिजमध्ये ठेवली आणि बूट घातले. बारा वर्षं ती रोज उरुग्वे नदीच्या काठानं पाच किलोमीटर चालायची. एक दिवस चुकला असेल तर शपथ.

"म्हाताऱ्या, मी येईपर्यंत तुझी नळी भरलेली पाहिजे!" ती दारातून ओरडली. "जन्मभर निखाऱ्यावरचं मांस हाणलंस, बूड काही हलवलं नाहीस!"

तिच्या नवऱ्याला, एल्बियोला, धडकीच भरली. आपल्या नळीत काय निघणार कोण जाणे! मग गाढवाला अक्कल सुचली! त्यानं सुल्माची नळी उघडली, आपल्या नळीच्या झाकणाला असलेली काडी तिच्यात बुडवली आणि दोन्ही झाकणं घट्ट लावली. रोज चालणारी, पालेभाजी खाणारी बाई, तिचं स्वच्छच निघणार. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं.

दोन आठवड्यांनी नर्स इव्होननं दोघांना बोलावलं.

"दोघांच्याही नळीत रक्त सापडलंय. कॅन्सरच असेल असं नाही, पण दुर्बीण घालून आतडं बघायलाच हवं. लवकरची तारीख एकच आहे, परवाची. दुसरी दोन महिन्यांनी."

"परवाची याला द्या!" सुल्मानं एल्बियोचा हात घट्ट धरला. "माझं मूळव्याधीचं असेल. मी रोज चालते ना!"

"चालण्यानं धोका कमी होतो, सुल्मा. टळतोच असं नाही."

"ते राहू दे गं. आधी याचं बघ," म्हणत ती सगळ्यांदेखत रडायला लागली.

एल्बियोनं मान खाली घातली. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

"सुल्मा, दोन्ही तुझ्याच आहेत."

"काय बरळतोस?"

"माझ्या नळीत तुझंच घातलं मी. तुझं स्वच्छ निघेल, माझी ब्याद टळेल म्हटलं. परवाची तारीख तुझी."

सुल्मानं हात सोडला. एल्बियो तिच्या शिव्यांची वाट बघत राहिला. त्या आल्या असत्या तर निदान काहीतरी सोसता आलं असतं.

"इव्होन," ती नर्सकडे वळून म्हणाली, "याला नवी नळी दे बाई."