डबल सीट बंद

त्र्याण्णव साली बेलापुरात नवा हवालदार आला. पहिल्याच बाजाराच्या दिवशी पुलावर उभं राहून त्यानं हुकूम सोडला, सायकलवर डबल सीट बंद! चोर सोडून ह्याला सायकली दिसल्या. पण सरकारी काठीपुढं बोलतो कोण?

रंगनाथ बोलला. त्याची बायको छबूबाई गुडघ्यानं अधू. तीन मैलांवरच्या वस्तीवरून ती नवऱ्यामागं कॅरियरवर बसूनच बाजाराला यायची.

"सायेब, बायको माजी, सायकल माजी, हवाबी मीच भरलेली. सरकारचं काय जातंय?"

"एका सायकलवर एकच माणूस. नाहीतर सायकल चौकीत जमा," हवालदार म्हणाला.

रंगनाथ हट्टाला पेटला. त्यानं छबूबाईला मागून उतरवलं आणि पुढं सीटवर बसवलं. नऊवारीला कासोटा, त्यामुळं मधल्या नळीची अडचण आली नाही. मग हँडल धरून तो पायी चालू लागला.

"मोजा सायेब. किती मान्सं हायेत सायकलवर?"

पुलावर हशा पिकला. छबूबाईनं लाजून पदर तोंडात धरला.

"अवो, उतरवा मला. लोक बगत्यात!"

पण पूल संपेतो पदर सुटला होता, आणि बाजार येईतो ती घंटी वाजवत होती.

हवालदारही इरेला पेटला. कधी फाट्यावर, कधी उसाच्या कडेला टपून बसायचा. त्यामुळं तीनही मैल ढकलणं आलं. रंगनाथाच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, पण सरकारची जिरवली म्हणून गडी मिशीला पीळ देत फिरायचा.

चार महिन्यांनी हवालदाराची बदली झाली. रंगनाथानं पेढे वाटले. बाजाराच्या दिवशी सायकलवर टांग टाकून तो म्हणाला, "बस मागं. सुटलो एकदाचं!"

छबूबाई जागची हलली नाही.

"उतरा खाली."

"आगं, कायदा गेला!"

"तुमच्यापुरता गेला आसंल. तीस वर्सं मागं बसून तुमच्या सदऱ्याची ठिगळं मोजली. पुडनं रस्ता दिसतो, नदी दिसते. मी आता मागं बसायची न्हाई."

"मंग जलमभर ढकलू व्हय?"

"ढकला की. चार म्हैनं कुनासाठी ढकलत हुता?"

रंगनाथानं उतरून तिला सीटवर बसवलं. तो ढकलू लागला. पुलावर अडवायला कुणी नव्हतं. तिथं त्याला हवालदाराची मनापासून आठवण आली. त्याच्याशी निदान भांडता तरी येत होतं.