पंधरा दिवसांची पावती

दादाच्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझं लायसन्स गेलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मंगळवारी सकाळी तीनचाकी टेम्पोत चार कपाटं घालून निघालो होतो. चौकात हवालदाराने हात केला.

"ही पांढरी रेघ काय शोभेला काढलीय?"

"साहेब, ब्रेक जरा उशिरा लागला."

"मग माझं पेनही उशिराच थांबेल. लायसन्स काढ."

मी गयावया केली, दंड इथेच भरतो म्हणालो.

"दंडाचं चौकीतले साहेब बघतील. तो अधिकार मला नाही. मी लायसन्स ठेवणार, पावती देणार. वाचून सही कर."

पावती डोळ्यांपुढे धरली. वाचायला लागतो तेवढा वेळ कपाळाला आठ्या घालून उभा राहिलो. मला अक्षरओळख नव्हती. सही तेवढी गिरवून हातात बसवली होती. दादाने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आईबापामागे त्यानेच मला वाढवलं आणि गॅरेजात कामाला लावलं. तिथे मी वाचायला शिकलो, अशी थाप पोरवयात मारली होती. त्याला त्याचं केवढं कौतुक! ते कौतुक मोडायचं धाडस मला कधी झालं नाही.

"वाचलंस?"

"वाचलं, साहेब."

एका ओळखीच्या ड्रायव्हरला बोलावून टेम्पो घरी आणवला आणि दारात उभा केला.

"काय लिहिलंय हो भावजी?" वहिनीने विचारलं. दादा मान पुढे करून बसला होता.

लायसन्स नाही म्हणजे गाडी नाही, एवढंच मला कळत होतं. कागदावर बोट फिरवत म्हणालो, "लायसन्स परत मिळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं लिहिलंय. लावला तर गाडी जप्त."

"बघ, वाचता येतं म्हणून बरं," दादा म्हणाला. "नाहीतर फसलो असतो."

बुधवारी चौकीवर गेलो. तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, "तुझा कागद अजून आमच्याकडे आला नाही. सोमवारी ये."

"तोवर गाडी, साहेब..."

"पावती दिलीय ना? वाचता येतं ना?"

"येतं."

"मग डोकं का खातोस?"

मी निघून आलो.

रविवारी जेवण झाल्यावर दादाच्या छातीत कळ आली. घामाने सदरा चिंब झाला. वहिनी ओरडली, "भावजी, टेम्पो काढा!"

मी किल्ली घेऊन धावलोही. दादानेच माझं मनगट धरलं.

"नको. कागदात लिहिलंय ना? गाडी गेली तर खाशील काय? रिक्षा बघ. मी दम धरतो."

"दादा, जाऊ दे तो कागद."

"अरे, तूच वाचलास ना?"

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. किल्ली खिशात टाकली आणि मोठ्या रस्त्याकडे पळत सुटलो. रविवारची दुपार, रस्ता मोकळा. दोन रिक्षावाल्यांनी मान हलवली, तिसरा तयार झाला. परत आलो तेव्हा दादा टेम्पोच्या सावलीत, पुढच्या चाकाला टेकून बसला होता. वहिनी पदराने वारा घालत होती.

सोमवारी चौकीवर गेलो नाही. पुढेही गेलो नाही. टेम्पो विकला, गोदामात हमाली धरली.

साठी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात बसलो. जोडाक्षरं जमू लागली तेव्हा पत्र्याच्या डब्यातून ती पावती काढली आणि एकेक अक्षर लावत गेलो. ही पावती पंधरा दिवस परवान्याऐवजी ग्राह्य धरावी. एका शब्दापाशी अडलो.

"बाई, ग्राह्य म्हणजे काय?"

"म्हणजे चालते, काका. हिच्यावर गाडी चालवता येते."

माझा थोरला भाऊ त्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास वारला. पावतीचे अजून नऊ दिवस उरले होते.