कालव्यातला नारळ

कालव्याला मी पाणी म्हणत नाही. हे मत मी इथे कुणाला बोलून दाखवत नाही, कारण माझा पगार त्याच कालव्यात बोट चालवण्याचा आहे. पण ज्याचा तळ दिसतो आणि ज्याच्या काठावर कॉफीची टेबलं मांडलेली असतात, त्याला पाणी कसं म्हणायचं? इथे बहारीनला आधी समुद्रात भराव घालून जमीन केली. मग त्याच जमिनीत चर खणून समुद्र पुन्हा आत घेतला आणि दोन्ही बाजूंना व्हिला, हॉटेलं, दुकानं उभी केली. त्या चरातून मी बारा माणसांची बोट नेतो आणि परत आणतो.

गावी मी मासेमारीच्या बोटीवर तांडेल होतो. गुहागर तालुक्यात आमची खारव्यांची वाडी आहे. आठ खलाशी माझ्या हाताखाली असायचे आणि गणपत तांडेल ओरडला की सगळे गप्प बसायचे. इथे माझ्या बोटीलासुद्धा आवाज नाही, ती बॅटरीवर चालते. रात्री तिला चार्जिंगला लावायचं, सकाळी पंख्यात अडकलेलं शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या काढायच्या, बाकांवर साचलेलं मीठ पुसायचं. बोट चालताना लाट उठता कामा नये. उठली तर एखाद्या व्हिलाच्या पायरीवरचा गालिचा भिजतो आणि ऑफिसात तक्रार जाते. वाटेत तीन पूल आहेत. मधला इतका बुटका, की भरतीला त्याच्याखालून जायचं तर बोटीचं घडीचं छत पाडावं लागतं आणि बसलेल्यांना माना वाकवायला सांगावं लागतं. माझी मान आता सवयीने आपोआप वाकते.

बोट रिकामी असली तरी वेळेवर सोडायची, असा नियम आहे. ऑगस्टमध्ये ती बहुतेक रिकामीच असते. या उकाड्यात घरातला एसी सोडून पाण्यावर कोण येणार? बारा ते चार तर उन्हामुळे काम बंदच असतं, तेव्हा मी धक्क्यावरच्या केबिनमध्ये बसतो. उरलेल्या वेळात मी लोकांच्या खिडक्यांसमोरून एकटा जातो. कोण जेवतंय, कुणाचा टीव्ही चालू आहे, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, सगळं दिसतं. गच्चीवरची मुलं हात हलवतात, पण बोटीला. पुढच्या फेरीला मी कामावर नसलो तरी ती तेवढाच हलवतील. जिदहफ्स भागातल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहतो, पण सहांच्या शिफ्ट सहा. कुणीतरी कायम झोपलेलं असतं, म्हणून तिथेही बोलायचं ते कुजबुजत.

सकाळच्या पहिल्या फेरीला मात्र एक माणूस ठरलेलं असतं. शरीफुन्निसा. हैदराबादकडची, माझ्याच वयाची, शेवटच्या व्हिलात स्वयंपाक करते. बस तिला पार्किंगच्या धक्क्याला सोडते आणि तिथून चालत गेलं तर अर्ध्या कालव्याचा वळसा पडतो, म्हणून ती बोटीने जाते. बोटीवर कॅमेरा आहे. त्यामुळे एकच बाई असली तरी मला रोज इंग्रजीत सगळं म्हणावं लागतं, लाइफ जॅकेट सीटखाली आहे, बोट चालू असताना उभं राहू नका. ती रोज नव्याने ऐकल्यासारखी मान डोलावते आणि मग डब्यातलं काहीतरी पुढे करते. आमचं बोलणं एवढंच. तरी शुक्रवारी तिची सुट्टी असली की पहिली फेरी मला खायला उठते.

यंदा माझा मुलगा संदेश पहिल्यांदा मासेमारीला जाणार होता. माझ्याच चुलतभावाच्या, संतोषच्या बोटीवर. मी लग्नात, बारशात, बापाच्या तेराव्यात नव्हतो, त्याचं एवढं वाटलं नव्हतं. पण पोरगं पहिल्यांदा दर्यात उतरणार आणि त्याला वल्ह्याला हात लावायला शिकवणारा बाप इथे कॉफीच्या टेबलांमधून बोट फिरवतोय, हे मला सहन होईना. रजा मागितली, मिळाली नाही. दुसरा चालक नाही म्हणे.

नारळी पुनवेच्या आधी बायकोचा, रुपालीचा फोन आला. संदेशचे कपडे, संतोषची नवी जाळी, वाऱ्याचा अंदाज, सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, “आनि पुनवेला नारळ द्या हां. इसरू नका. वटीला द्या, पानी भायेर जाताना.”

आमच्या घरची रीत आहे, घरातली जितकी माणसं पाण्यावर, तितके नारळ. एकेकाचं नाव घेऊन द्यायचा. बापाच्या वेळी पाच-पाच दिलेले मी पाहिलेत. आता पाण्यावर एकटा संदेश. आणि बाप असताना दुसऱ्या कुणी त्याच्या नावाचा नारळ का द्यावा? रुपालीने बरोबर माणसाला सांगितलं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी खूश झालो. कितीतरी दिवसांनी घरातलं एक काम माझ्या वाट्याला आलं होतं.

मनामाच्या बाजारात जाऊन चांगला शेंडीवाला नारळ आणला. हळदकुंकू लावलं, लाल दोरा गुंडाळला. पुनवेला शेवटची फेरी झाल्यावर ओहोटी लागलेली पाहिली आणि बोटीच्या मागच्या कडेला बसून संदेशचं नाव घेतलं. म्हटलं, पोराला सांभाळ. नारळ हळूच सोडला. आखाताचं पाणी इतकं खारट की तो बुडायचा प्रश्नच नव्हता, डुलत डुलत पुलाकडे निघाला. मी घरी फोन लावला. रुपालीने विचारलं, “गेला ना नीट?”

“गेला,” मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ धक्क्यापाशी हजर. बोटीच्या बाजूला टायर बांधलेत, त्यांना टकटक धडकत होता.

मी तांडेल असून एक गोष्ट विसरलो होतो. कालव्याच्या तोंडाशी पिवळ्या तरंगत्या गोळ्यांची एक लांब दोरी ताणलेली आहे, आतला कचरा बाहेर समुद्रात जाऊ नये म्हणून. ओहोटीने नारळ तिथवर गेला असणार, दोरीला अडला आणि भरतीबरोबर मागे आला. मी त्याला काठीने ढकलला. संध्याकाळी परत हजर. मग ते रोजचंच झालं. कधी तो हॉटेलाच्या पायऱ्यांशी असायचा, कधी मधल्या पुलाखाली, पण दिवसातून एकदा गाठ पडायचीच.

तिकडे संदेश गेला होता. संतोषची बोट एकदा गेली की आठवडाभर येत नाही आणि आत फोन लागत नाही. रुपालीशी मी हवापाण्याचं बोलायचो आणि मूग गिळून बसायचो. दर्याने नारळ घेतला नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? दर्यापर्यंत तो पोचलाच नाही, हे मला कळत होतं. दोरीमुळे अडला, एवढं न समजण्याइतका मी खुळा नाही. पण नारळ समोर आला की हे कळणं उपयोगी पडायचं नाही. पोराच्या नावाचा होता तो. खोलीत पडल्या पडल्या मी फोनवर अरबी समुद्राचं हवामान पाहायचो, आणि वारा वाढलेला दिसला की एकेका खलाशाचं तोंड आठवायचो, ह्यातला कोण वेळेला पोराचा हात धरेल म्हणून. कुणाशी तरी बोलायला हवं होतं. सगळे झोपलेले असायचे.

शरीफुन्निसाने नारळ दोनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा बोलली. “भाई, ये नारियल फिर आगया ना. आपका है क्या?”

मी नाही म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डब्यातली खजुराची वडी पुढे केली.

मग तक्रार गेली. कुणी व्हिलावाल्याने फोटो काढून रहिवाशांच्या ग्रुपवर टाकला, की लाल रंग लावलेलं, दोरा बांधलेलं काहीतरी रोज आमच्या पायरीशी येतं, कुणी जादूटोणा करतंय. इथे तो गुन्हा आहे. दुपारच्या सुट्टीत सबा मॅडम केबिनमध्ये आल्या. त्या आमच्या सुपरवायझर, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी फोनवरचा फोटो मला दाखवला. फोटोत माझा नारळ होता, कुंकू धुऊन फिकट झालेलं, दोरा मात्र शाबूत.

“गणपत,” त्या हळू म्हणाल्या, “मैं नहीं पूछती किसका है. उद्या सकाळी साफ करणारी बोट येईल आणि काय सापडतं त्याचा रिपोर्ट होईल. त्याच्या आधी, मफी. समझे?” त्या हिंदीत आणि अरबीत बोलल्या, मधलं मी माझ्या भाषेत सांगतोय. मफी म्हणजे नाही, तिथे काही दिसता कामा नये. दारात थांबून त्यांनी विचारलं, “तुम्हारा बच्चा ठीक है ना?” रजेच्या अर्जावर मी कारण लिहिलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. मी इंशाल्ला म्हणालो. त्या गेल्यावर मला एकदम रडू येईलसं झालं, आणि त्याचा मला रागही आला.

नारळ काढून कचऱ्यात टाकणं सोपं होतं. ते हातून होणार नव्हतं. राहिला एकच मार्ग, दोरीपलीकडे सोडायचा. पण माझी हद्द शेवटच्या व्हिलाच्या धक्क्याला संपते. त्यापुढे बोट नेली आणि कॅमेऱ्यात दिसलं, तर नोकरी खलास, व्हिसा खलास.

सकाळी पहिल्या फेरीआधी मी नारळ शोधून काढला. दुसऱ्या पुलाच्या सावलीत होता. पुसून पुढच्या बाकावर ठेवला. शरीफुन्निसा आली, नारळाकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी बसली. मी लाइफ जॅकेटचं इंग्रजी म्हटलं. तिने मान डोलावली.

“किसके नाम का है?” बोट निघाल्यावर तिने विचारलं.

“बेटे के. समंदर में गया है.”

तिने नारळ उचलून मांडीवर घेतला. तिच्या व्हिलाचा धक्का आला तेव्हा कॅमेऱ्यात दिसायचं ते दिसो म्हणून मी बोट थांबवली नाही आणि तिनेही थांबवायला सांगितलं नाही. कालव्याचं तोंड तिथून हाकेच्या अंतरावर आहे. शेवटची भिंत संपली आणि एकदम वारा लागला. माझ्या अंगावर खऱ्या समुद्राचा वारा कितीतरी महिन्यांनी आला होता. पिवळ्या गोळ्यांपाशी मी बोट आडवी लावली. पलीकडे ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढत होतं. शरीफुन्निसाने नारळ माझ्या हातात दिला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली. मी दोरीवरून वाकून नारळ पाण्यात सोडला. संदेशचं नाव घेतलं. नारळ एकदा गिरकी घेऊन चालू लागला, मागे न येता. आम्ही दोघं थोडा वेळ पाहत राहिलो. मग मी बोट वळवली.

तिच्या धक्क्याला बोट लावतच होतो, तेवढ्यात फोन वाजला. रुपाली.

“अवो, आले ओ. पाटं बोट लागली. संदेश घरी न्हातोय.” तिचा आवाज फुटत होता. “चांगली मासळी आणलीनी. काका म्हनतो, बापासारखा उभा ऱ्हातो पोरगा.”

मी बोटीचा दोर धक्क्याला अडकवला. “बरं झालं,” एवढंच म्हणालो. मग इतके दिवस पोटात ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. “नारळ आत्ता गेला गो. रोज मागं येत होता. आत्ता सोडला त्याच्या नावाचा बाहेर, लगेच तुझा फोन.”



“त्याच्या नावाचा?” ती म्हणाली. “त्याचा इथं दिलान की. संतोषभावोजींनी, पुनवेलाच, सगळ्यांच्या संगती.”

“मग मला कशाला सांगितलास?”

“तुमचा,” रुपाली म्हणाली. “तुमी नाय का पाण्यावर? दरवर्षी मी इथनं देते तुमच्या नावाचा. यंदा म्हटलं, तिथल्या दर्याला ठावं असावं तुमी कोण ते. म्हनून तुमालाच द्याला सांगितला.”

दरवर्षी. मी गेल्यापासून दरवर्षी ती वाडीच्या धक्क्यावर उभी राहून एक जास्तीचा नारळ देत होती आणि माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी स्वतःला पाण्यावरच्या माणसात धरलंच नव्हतं. ती तिकडून अवो, अवो करत राहिली. शेवटी मी फेरीची वेळ झाली असं सांगून फोन ठेवला.

शरीफुन्निसा धक्क्यावर उतरून उभी होती. “बेटा आगया?”

“आगया.” मग का कोण जाणे, तिलाही सांगावंसं वाटलं. “वो नारियल मेरे नाम का था.”

तिने वळून कालव्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथून आता काही दिसत नव्हतं. “हौ,” ती म्हणाली, “तो वो तो निकल गया.” थोडं थांबून ती परत बोटीत चढली आणि पुढच्या बाकावर बसली. कामाला उशीर होत होता तिला. म्हणाली, “चलो भाई, एक चक्कर मैं भी आती.”

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, लाइफ जॅकेट सीटखाली आहे, बोट चालू असताना उभं राहू नका. ती ऐकत होती. मधला पूल आला. ओहोटीने पाणी खाली गेलं होतं, छत पाडायचं कारण नव्हतं, मान वाकवायचंही नव्हतं. तरी मी मान खाली घातली आणि पूल मागे पडेपर्यंत वर केली नाही, तिला माझे डोळे दिसू नयेत म्हणून.