सेनापतीचा उजवा पाय

आमच्या तळावर लार्टिउस सेनापतीची नक्कल माझ्याइतकी झकास कुणालाच जमत नव्हती. मी खेचरं हाकायचो, सगळे मला पिसू म्हणायचे, आणि दुपारी गव्हाची पेज ढोसून शिपाई आडवे झाले की मी कुणाचातरी लाल झगा खांद्यावर टाकून, सेनापतीसारखा खाकरत, हनुवटी वर करून, लंगडत त्यांच्यामधून फिरायचो. एकदा कुणीतरी चुगली केली. सेनापतीनं माझ्याच चाबकानं माझी पाठ सोलून काढली, वर मीठ चोळायला लावलं, आणि स्वतः अंजीर खात बघत उभा राहिला.

पाठ भरली तसा मी परत सुरू. फक्त घाईत पाय चुकला.

"गाढवा, म्हातारा डाव्या पायानं लंगडतो!" आमच्या तुकडीचा नायक ब्रोक्कुस दात विचकत ओरडला.

"आज त्याचा उजवा दुखतोय," मी म्हणालो. सगळे खिदळले.

दुसऱ्या दिवशी सेनापती तंबूतून बाहेर आला तो उजव्या पायानं लंगडत.

"योगायोग रे," ब्रोक्कुस म्हणाला. "आता म्हाताऱ्याची रोममधली विजयाची मिरवणूक करून दाखव बघू."

विजयी सेनापतीचं तोंड लाल रंगवतात, म्हणून मी विटेचा भुगा तोंडाला फासला, गवताच्या गाडीवर उभा राहिलो, लोकांना हात केले आणि मध्येच कोपरानं नाक पुसलं. पुढच्याच वर्षी आम्ही डोंगरातल्या टोळ्या कापून काढल्या आणि रोमनं सेनापतीची मिरवणूक काढली. चार पांढरे घोडे, लालभडक रंगवलेलं तोंड, सगळं शहर घसा फोडून ओरडतंय, आणि ज्युपिटरच्या देवळासमोर त्यानं कोपरानं नाक पुसलं. रिवाजाप्रमाणे त्याच्यावरची चावट गाणी म्हणत चाललेल्या आमच्या शिपायांचं गाणं मध्येच तुटलं. त्याच्याकडे कुणी बघेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तळावर परतल्यावर त्यानं मला बोलावलं. वाटलं, पुन्हा पाठ गेली. पण त्यानं सगळ्यांना बाहेर काढून मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"पिसू," तो हळूच म्हणाला, "उद्या मी काय करतो रे?"

मग काय, मला रानच मोकळं. एक दिवस त्याला उपाशी ठेवला, एक दिवस खेचरांचं पाणी प्यायला लावलं. सम्राटाचा दूत आला तेव्हा मी आदल्या दिवशी नुसता भुंकलो होतो.

दूताच्या तोंडावर सेनापती भुंकला.

सम्राटाचा हुकूम आला: लार्टिउसला मारा, नाहीतर दर दहा शिपायांतला एक मारला जाईल. पण त्याच्यावर हात कोण उचलणार? सगळ्यांनी देवासमोर त्याच्याशी इमान राखायची शपथ घेतलेली. ब्रोक्कुसनं लाल झगा आणून माझ्या अंगावर फेकला. आता त्याचे दात दिसत नव्हते.

"पिसू, मरून दाखव."

मी भर मैदानात गुडघे टेकले. आज सेनापतीनं उद्याची वाट बघितली नाही. तंबूतून आला, समोर गुडघे टेकून बसला. मी गळ्याशी झगा सैल केला, त्यानंही केला. मी मान पुढे काढली, त्यानंही काढली. त्याची नजर माझ्यावरच खिळली होती, मास्तर पुढचं अक्षर कधी सांगतात म्हणून पोरं बघतात ना, तशी. मी उठलो असतो तर तोही उठला असता, एवढं मला कळत होतं.

कुणाच्याच हातात तलवार नव्हती.

पाठीवरचं ते जुनं मीठ चुरचुरलं. मला हसूही येत होतं, खरंच. मी डोळे मिटले आणि मेल्यासारखी मान सोडून दिली, आणि समोर पिकलेलं अंजीर जमिनीवर पडावं तसा मऊ आवाज झाला.