आतल्या खोलीतला स्पीकर

गेली तीस वर्षं मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे तरी लोकांच्या आगाऊपणाने जळलेले असतात. एका चॅनलला, म्हणजे एका स्पीकरच्या जागेवर, दोन स्पीकर हवे झाले, की निघाले वायरी पिळायला. किमान किती ओहम हवेत, त्याखाली गेलं की डबा जळतो, हे मागच्या बाजूला ठळक छापलेलं असतं, ते वाचायला यांचे डोळे जातात कुठे? हे मी गिऱ्हाइकांना तोंडावर विचारतो. काम चोख, पण मालक तिरसट, अशी आमच्या दुकानाची ख्याती आहे.

दादाचा फोन आला तेव्हाही मी तिरसटासारखाच बोललो. वहिनी पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून सिनेमा बघायचा, ही त्यांची जुनी सवय. आता बघणं नाही तर निदान ऐकणं तरी व्हावं, म्हणून होम थिएटरच्या मधल्या स्पीकरच्या जोडीला तसलाच एक आत लावायचा होता. संवाद त्या मधल्यातूनच येतात. येऊन लावून देतोस का, असं दादाने विचारलं.

बसने अर्ध्या तासाचा रस्ता. मी म्हणालो, मान वर करायला फुरसत नाही. खोटं होतं ते. वहिनीला आडवी पडलेली बघायची माझी छाती नव्हती. मी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तीच होती. चांगला चालू रेडिओ घेऊन आली आणि बिघडलाय म्हणून माझ्यापुढे ठेवला. मी तो उघडून पुन्हा बंद केला, तेवढा वेळ ती समोरच्या बाकावर गंभीर चेहरा करून बसली होती.

मग मी फोनवरच वेळ मारून नेली. दोन्ही स्पीकर सिरीजमध्ये जोड, म्हटलं. अ‍ॅम्प्लिफायरची वायर पहिल्यात, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत अ‍ॅम्प्लिफायरला. आवाज जरा कमी येईल, पण काही जळणार नाही. मागे किमान किती ओहम लिहिलंय, हे मी त्याला विचारलंही नाही. विचारलं असतं तर दोन प्रश्न वाढले असते आणि शेवटी मला जावं लागलं असतं.

सात महिन्यांनी वहिनी गेली. तेव्हा गेलो, चार माणसांत उभा राहिलो आणि परत आलो. त्यानंतर महिन्याभराने दादाचा पुन्हा फोन. आतला स्पीकर काढून ठेवला, तर बाहेरचाही बंद पडला. अ‍ॅम्प्लिफायर जळला असेल का?

जळला कसला. सिरीजमध्ये एक काढला की दुसऱ्याची वाट तुटते, हे मी झोपेतही सांगेन. पण या वेळी मी दुकानाला कुलूप लावून गेलो.

दादाने दार उघडलं. माझ्या सल्ल्याचं कौतुक चाललं होतं, सात महिन्यांत डबा एकदासुद्धा तापला नाही म्हणून. मी अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढला आणि मागे बघितलं. किमान चार ओहम. स्पीकर दोन्ही आठचे; सिरीजमध्ये त्यांचे सोळा झाले होते, म्हणून आवाज दबलेला. पॅरललमध्ये, म्हणजे दोघांच्या लाल वायरी लालला आणि काळ्या काळ्याला जोडल्या असत्या, तर बरोबर चार झाले असते. त्या डब्याला ते खुशाल झेपलं असतं आणि दोन्हीकडे पूर्ण आवाज आला असता. हे बघायला मला अर्धं मिनिट लागलं.

गप्प बसून बाहेरचा तेवढा चालू करून देता आला असता. दादाला मरेपर्यंत कळलं नसतं. पण माझ्याच्याने राहवलं नाही. आतला स्पीकर पुन्हा त्याच्या जागी ठेवला, दोन्ही पॅरललमध्ये जोडले, एक जुना सिनेमा लावला आणि नुकताच चहा ठेवून आलेल्या दादाला आत जाऊन बसायला सांगितलं.

तो वहिनीच्या पलंगावर बसला. नायिकेची आई हळू आवाजात काहीतरी समजावत होती. शब्द न् शब्द येत होता.

"इतकं स्पष्ट?" दादा म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून आलं असतं. मी यायला हवं होतं, दादा. मी आलो नाही."

 दादा सांगायला लागला. वहिनी आतून सारखी विचारायची, काय म्हणाला तो, आत्ता काय म्हणाली ती. आवाज वाढवला तर बाकीच्या स्पीकरांतले ढोलताशे कानठळ्या बसवायचे आणि बोलणं तसंच पुसट. शेवटी तो वैतागायचा, तिच्यावर खेकसायचा, कान गेलेत तुझे म्हणायचा. पुढे पुढे तिलाही ते पटलं. मग तिने विचारणंच सोडून दिलं.

"म्हणजे तिचे कान चांगले होते," दादा म्हणाला.

मी हो म्हणालो. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास येत होता. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.